वाडं कुणाचं?

गेल्या जानेवारीत वाळवा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांची बैठक होती. हळदीकुंकवाचे दिवस. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, वातावरण मोकळं. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरली होती, पंधरा-वीस कोप्या. तिथे पाण्याचा एक नळ होता आणि संडास एकही नव्हता. समाजमंदिराच्या मागे ग्रामपंचायतीने बांधलेले दोन संडास मात्र वर्षभर कुलूपबंद. ते टोळीतल्या बायकांसाठी हंगामापुरते उघडावेत आणि किल्ली गटाने सांभाळावी, एवढाच विषय मी घेऊन गेले होते.

विषय निघाला आणि आधी आठवणींना ऊत आला. ‘‘ताई, आम्ही लहानपणी टोळीच्या पोरींबरोबरच खेळलोय. आमच्यात नव्हता बाई असला भेदभाव.’’ एकीची मैत्रीण पाटोद्याची होती, दुसरीची जतेची. तिसरीला तर मैत्रिणीने बाभळीच्या डिंकाने चिकटवलेली कागदाची भावली अजून आठवत होती. खूप हसलो आम्ही. मग मी संडासांचं विचारलं. एकदम शांतता. ‘‘त्यांना सवय असते ताई, उघड्यावर जायची.’’ ‘‘घाण करून ठेवतील. निस्तरायचं कुणी?’’ ‘‘आज संडास दिला की उद्या पाण्याची लाइन मागतील.’’

मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. कारण दोन मिनिटांपूर्वी माझ्याही ओठांवर तेच वाक्य होतं, ‘माझीसुद्धा एक मैत्रीण होती.’ ते बोलायचं राहून गेलं हे बरं झालं असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, ते नीट आणि पूर्ण सांगायला हवं.

आमचं घर कृष्णाकाठचं, बागायती. मोठे जमीनदार नव्हतो, पण पाच एकर ऊस होता, दोन म्हशी होत्या, कारखान्याचा शेअर होता. दिवाळी झाली की आमच्या मळ्यालगतच्या पडीक तुकड्यावर बीडकडची टोळी उतरायची. १९९७ ते २००० असे लागोपाठ तीन हंगाम एकाच मुकादमाची टोळी आली. मी तिसरी ते पाचवीत होते. त्या टोळीत एक मुलगी होती. तिला इथे मी सखू म्हणते, खरं नाव लिहीत नाही. माझ्यापेक्षा वर्षाने मोठी असेल. कडेवर कायम एक भाऊ. ते मूल खाली ठेवलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं.

सखूला काय येत नव्हतं? तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची. उसाची पात वळून तिची दोरी करायची. दाताने ऊस सोलताना ओठ कापू नये म्हणून तो कसा धरायचा ते तिनेच मला शिकवलं. मी उसाच्या घरातली असून मला ते येत नव्हतं! ती ‘का’ला ‘कामून’ म्हणायची आणि आम्ही मुली तिला चिडवायचो. ‘कामून गं, कामून?’ तीही हसायची. तिला आमचं ‘न्हवं’ हसण्यासारखं वाटत असेलच, पण तिने कधी आमची नक्कल केल्याचं आठवत नाही. सागरगोट्यांत मात्र ती मला हटकून हरवायची, तेही कडेवरचं मूल मांडीत घेऊन.

आई तिला चहा द्यायची. आई प्रेमळच होती, शिळं कधी द्यायची नाही; मला दिली तशीच ताजी भाकरी तिला द्यायची. पण तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. टोळीत कोणत्या जातीची माणसं आहेत हे आमच्या घरात कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही. वंजारी, मराठा, धनगर, बंजारा, दलित अशा नाना जातींची माणसं ऊसतोडीला येतात हे मला फार पुढे कळलं. आमच्या घरी जात न विचारताच कप वेगळा झाला होता. ‘टोळीवाली’ ही एकच जात आम्हाला पुरेशी होती.

आणि आमची मैत्री कायम आमच्याच अंगणात असायची. मी तिच्या कोपीत आत वाकून कितीदा गेले असेन? दोनदा, फार तर तीनदा. तिथे कधी जेवले नाही. तिला आमच्या घरातलं सगळं माहीत होतं. डबा कुठे असतो, आजी कुणावर खेकसते, वडील कधी घरी नसतात, सगळं. मला तिच्याबद्दल काय माहीत होतं? तिच्या गावाचं नाव माहीत नव्हतं, ‘बीडची’ एवढंच. आडनाव माहीत नव्हतं. मुकादमाचं नाव मात्र आजही पाठ आहे, कारण टोळी त्याच्याच नावाने ओळखली जायची.

दुसऱ्या हंगामात मी हट्ट करून तिला शाळेत नेलं. आमचे गुरुजी चांगले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, शेवटच्या ओळीत बसवलं, पाटीही दिली. ती अकरा दिवस आली. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी कॅलेंडरवर खुणा करत होते. त्या अकरा दिवसांत गुरुजींनी रोज हजेरी घेतली आणि सखूचं नाव एकदाही उच्चारलं गेलं नाही. ते पटावरच नव्हतं. हजेरी चालू असताना ती मान वर करून ऐकत असायची. बाराव्या दिवशी तिच्या आईला ताप भरला आणि सखूला फडात जावं लागलं. आईच्या जागी मोळ्या बांधायला कुणीतरी हवं होतं. नाहीतर खाडा. ती शाळेत का येत नाही हे गुरुजींनी मला विचारलं नाही. विचारणार तरी कसं? पटावर नसलेलं मूल गैरहजर कसं असेल?

आता मी वाड्याची गोष्ट सांगते. तीच सांगायला मी इतकी वर्षं टाळत आले आहे.

ज्या मैत्रिणी उसाच्या मुलखातल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ऊस तोडताना वरचा हिरवा शेंडा छाटला जातो, तो कारखान्याला जात नाही. त्याला आम्ही वाडं म्हणतो. जनावरांना हिवाळ्यात तो उत्तम चारा. तोडणारी माणसं वाड्याच्या पेंढ्या बांधतात, थोड्या शेतकऱ्याला देतात, थोड्या आपल्या बैलांना ठेवतात आणि उरलेल्या गावात विकतात. हातात रोख पैसा येण्याचा त्यांचा हा जवळजवळ एकच मार्ग असतो. तोडीची मजुरी हंगामाच्या आधीच उचल म्हणून घेतलेली असते, ती फिटेपर्यंत राबायचं असतं. म्हणजे रोजचं तेल, मीठ, बाळाचं औषध हे सारं वाड्यावर. हा हिशेब बहुतेक टोळीतल्या बायका आणि मुलीच पाहतात.

तिसऱ्या हंगामात आमचाच फड तुटत होता. सखू पेंढ्या मोजून रस्त्याकडेला लावत होती. आमच्या म्हशींसाठी पाच पेंढ्या ठरलेल्या; वडिलांनी मला आणायला पाठवलं. मी सात उचलल्या. ती म्हणाली, ‘‘पाच ठरल्यात.’’ मी म्हणाले, ‘‘ऊस आमचा आहे. वाडंपण आमचंच.’’ अकरा वर्षांची होते मी. हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘ऊस तुमचा. पर तोडला म्या.’’ आणि लगेच गप्प झाली. तिच्या आईने तिला फडातून हाक मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘घिऊन जा बाई, घिऊन जा.’’ माझ्या आईच्या वयाची बाई मला समजावत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. मी सातही पेंढ्या नेल्या.

घरी कुणी काही विचारलं नाही. म्हशींनी वाडं खाल्लं. सखू त्यानंतरही अंगणात आली, सागरगोटेही खेळली. पण त्या दिवसापासून ती हरू लागली. तेव्हा मला वाटलं, मी शिकले.

२००३ च्या हिवाळ्यात ती पुन्हा दिसली, दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत. मी नववीत होते, सायकलवरून येत होते. ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. तीस-चाळीस किलोची मोळी. गळ्यात काळी पोत. फार तर सोळाची असेल; कायद्याने लग्नाचं वय अजून दोन वर्षं दूर होतं. जोडी असली की पूर्ण कोयता, उचल जास्त. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लग्नं लागतात. मी हाक मारली. ती खाली उतरली, पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘बऱ्या हाईत का तुमी?’’ तीन हंगाम आम्ही एकमेकींना ‘तू’ म्हणत होतो. मी मात्र तिला ‘तू’च म्हणत राहिले. त्यानंतर ती मला भेटली नाही.

आता यातून माझं म्हणणं काय, ते सांगते. आमची मैत्री खोटी होती असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर सखूने दिलेलं सगळंच मी नाकारल्यासारखं होईल. पण त्या मैत्रीची पुरावा म्हणून जी साक्ष काढली जाते, ती मला मान्य नाही. ‘आम्ही एकत्र खेळलो’ हे वाक्य आम्ही बागायतदार घरच्या बायका अगदी निर्मळ मनाने वापरतो आणि त्याने एक जुना हिशेब मिटवून टाकतो. खेळलो, म्हणजे भेदभाव नव्हता. भेदभाव नव्हता, म्हणजे देणं लागत नाही. असं कसं? खेळ कुठे खेळायचा हे आमचं अंगण ठरवत होतं, आणि कधी संपवायचा हे तिच्या आईची हाक. मला खेळ संपला की अभ्यास होता, तिला फड.

चळवळीत आपण भगिनीभावाबद्दल पुष्कळ बोललो, गाणी म्हटली. हे बोलताना आपण नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, सरकारच्या विरुद्ध एकत्र उभ्या राहत होतो, ते सोपं होतं असं नाही, पण तिथे शत्रू समोर होता. एका बाईच्या शेतात दुसरी बाई राबते, तिथे भगिनीभाव कसा दिसतो, हा प्रश्न आपण फारसा घेतलाच नाही. ग्रामीण बाईचा विचार झाला नाही असं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बाईच्या नावावर जमीन करा म्हणून. त्याचं मोल मी कमी करत नाही. माझ्या आईचं नाव आमच्या सात-बाऱ्यावर कधीच नव्हतं. शेअर वडिलांच्या नावे, उसाचं बिल त्यांच्या खात्यात. बिल किती आलं हे तिला शेजारणीकडून कळायचं. आणि सखूच्या आईचं? तिची उचल तिच्या नवऱ्याने घ्यायची, कागदावर अंगठा त्याचा. जोडी राबायची आणि नाव एकाचं असायचं. उसाच्या हिशेबात दोघीही नव्हत्या.

म्हणून दोघी सारख्या, असं मात्र कुणी म्हणू नये. माझी आई रात्री दाराला कडी लावून झोपायची, सखूच्या आईच्या कोपीला दार नव्हतं.

बैठकीतल्या ‘सवय असते’ या शब्दांवर मी पुष्कळ विचार केला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. शासनाने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आपण सगळ्यांनी ते वाचलं, हळहळलो, डॉक्टरांना आणि मुकादमांना शिव्या घातल्या. पण तो प्रश्न कागदोपत्री ‘बीडचा’ झाला. त्या बायका वर्षातले पाच-सहा महिने कुठे असतात? आमच्या बांधावर. पहाटे चारला उठून अंधारातच उरकायचं, मग दिवसभर लघवी दाबून ठेवायची, पाळीचं फडकं ओढ्याच्या पाण्यात धुवायचं आणि अर्धवट ओलंच घ्यायचं, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत मोळी उचलायची, आणि दुखलं म्हणून बसलं तर खाडा. हे दुखणं बीडमध्ये दाखवलं जातं, पण ते येतं आमच्याकडून. ऊस सांगली-कोल्हापूरचा आणि गर्भाशय तेवढं बीडचं, हा न्याय मला कळत नाही.

शेतकरी बायकांचीही बाजू आहे, आणि ती मी रोज ऐकते. टोळी फडात घालायची तर ‘खुशाली’ मागतात, ट्रॅक्टरवाला ‘एंट्री’ मागतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना उसाच्या बिलातून कापूनच घेतो. वर हे पैसे का द्यायचे? प्रश्न खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर तीन वर्षांसाठी ३४ टक्क्यांनी वाढले, तेव्हा आमच्या गावात पहिली प्रतिक्रिया हीच होती, की आता आमच्या बिलातून आणखी कापणार. शेतकरी आणि तोडणारा यांना एकमेकांच्या खिशात हात घालायला लावणारी ही रचना आहे आणि तिच्याविरुद्ध दोघांनी मिळून बोलायला हवं, हे मीही म्हणते. पण मैत्रिणींनो, खुशालीचे पैसे मागायला सखू येत नाही. ते मुकादम आणि ड्रायव्हर मागतात. राग मात्र नळावरच्या बाईवर निघतो, कारण ती समोर असते.

शाळेचंही तसंच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० ला. वयाप्रमाणे वर्गात, वर्षात केव्हाही, दाखला नसला तरी मुलाला प्रवेश द्यायलाच हवा असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. साखरशाळा निघाल्या, मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली. या कामात आयुष्य घातलेली माणसं मला ठाऊक आहेत, त्यांना कमी लेखायचं नाही. तरी माझं मत सांगते. मुलाला गावी ठेवता आलं तर उत्तमच; पण जे आलं आहे त्याचं नाव ते ज्या गावात उतरलं त्या गावाच्या शाळेच्या हजेरीत लागलं पाहिजे, आणि तेही टोळी उतरेल त्याच आठवड्यात. वेगळ्या शेडमध्ये वेगळी शाळा भरवली की आमच्या गावाची जबाबदारी संपते आणि आमची मुलं त्यांना ओळखतही नाहीत. आज आमच्या भाचीला टोळीतली एकही मैत्रीण नाही. ती इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून जाते, कोप्या तिला काचेतून दिसतात. माझी मैत्री लंगडी होती, हिला तेवढीही नाही.

ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झालं आहे, कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन निधी उभारायचं ठरलं आहे. चांगलं आहे. ओळखपत्र नवऱ्याइतकंच बायकोच्याही नावाने निघालं पाहिजे, उचलीच्या कागदावर दोघांची नावं पाहिजेत, आणि तिच्या वाट्याचे पैसे तिच्या खात्यात. कोयता म्हणजे दोन माणसं, हे हिशेबात लिहायला अडचण कसली आहे? काही जण म्हणतात, आता यंत्रं आली, हार्वेस्टर ऊस तोडतील, प्रश्न आपोआप सुटेल. यंत्र आलं की आधी घरी कोण बसतं ते आपण भातगिरणीपासून पाहत आलो आहोत.

त्या बैठकीत त्या दिवशी निर्णय झाला नाही. मी पुन्हा गेले, फेब्रुवारीत. या वेळी मी टोळीतल्या दोघींना बरोबर नेलं. त्या दाराशीच बसल्या, आत या म्हटलं तरी सतरंजीवर येईनात. गटाच्या वहीत हजर बायकांची नावं लिहितात. लिहिणारीने त्या दोघींची नावं विचारली. एकीने नवऱ्याचं नाव सांगितलं. ‘‘तुझं सांग की,’’ लिहिणारी म्हणाली. मग तिने स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं, आडनाव, गाव, तालुका, सगळं एका दमात. वहीत दोन ओळी लागल्या.

चर्चा तासभर झाली. ‘सवय’ पुन्हा निघाली, घाणही निघाली. त्यावर त्या दोघींपैकी थोरली म्हणाली, ‘‘झाडून घिऊ की आमी. तुमच्या पोरीबी येतेत तकडं, त्यास्नी बी झाडून दिऊ.’’ बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी तेरापैकी सात जणींनी होकार दिला. एक संडास उघडायचा, दोन नव्हेत. दुसऱ्याला पाणी नाही म्हणे. सरपंचांनी नाराजीनेच परवानगी दिली.

किल्ली ठेवायला गटातलं कुणी तयार होईना. अखेर त्या भावलीच्या आठवणीवालीने ती आपल्या दाराच्या चौकटीला, बाहेरच्या बाजूला खिळा ठोकून अडकवली. एप्रिलमध्ये टोळी गेली तेव्हा किल्ली त्या खिळ्यालाच होती. या दिवाळीनंतर टोळ्या उतरल्या की दुसऱ्या संडासाच्या पाण्याचा विषय घ्यायचा आहे.